उधारीचा डबा : खानावळवालीचा विस्मरणात गेलेला इतिहास

ताडोबाच्या जंगलाच्या वेशीवर, चंद्रपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर मोहर्ली हे गाव वसले आहे. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आकाराला आला आणि या वाटेवर पर्यटकांची वर्दळ वाढली. तरीही अशा वनगावांत घरगुती जेवण मिळवण्याची रीत जुनीच आहे : आधी सांगून ठेवायचे. 'उद्या दुपारी सहा माणसे, त्यांत दोन शाकाहारी' एवढा निरोप पुरतो. भाजी कोणती करायची हे घरातली बाई ठरवते, कारण घरात काय शिल्लक आहे आणि बाजारातून काय आले आहे हे तिलाच ठाऊक असते.

मोबाइलवर चाळीस पदार्थांतून एक निवडणाऱ्या शहरी तरुणाला ही रीत मागासलेली वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः शिजलेले अन्न विकत घेण्याची महाराष्ट्रात सर्वाधिक रुजलेली पद्धत हीच. पदार्थ मोजायचे नाहीत, माणसे मोजायची. तिचे नाव खानावळ.

झोमॅटो २००८ मध्ये 'फूडीबे' या नावाने सुरू झाले, स्विगी २०१४ मध्ये. त्याच्या शतकभर आधीपासून मुंबईत शिजलेले अन्न रोज ठरल्या वेळी ठरल्या माणसापर्यंत पोहोचत होते. ते वाहून नेणाऱ्यांचे कौतुक साऱ्या जगाने केले. ते शिजवणाऱ्या बायकांची नोंद फार थोड्यांनी ठेवली, आणि हा सारा व्यवहार कोणाच्या पैशांवर चालत होता हे तर क्वचितच कोणी विचारले. हा धागा त्या पैशांविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज. बाहेरून जेवण आणणे ही चैन आहे, असे आज मानले जाते. इतिहासात बहुतेक वेळा ती गरिबाची गरज होती. पाँपेई येथील उत्खननात दगडी ओट्यांची, त्यांत मोठाले रांजण बसवलेली खाद्यपदार्थांची दुकाने सापडली आहेत. प्राचीन रोमन शहरांतल्या दाटीच्या भाड्याच्या खोल्यांत स्वयंपाकाची सोय नसे, म्हणून ती चालत. बाराव्या शतकात मेंग युआनलाओ याने चीनमधील काइफेंग नगरीच्या आठवणी लिहिल्या, त्यांतही भोजनगृहांची आणि तयार अन्नाची रेलचेल आहे. मुंबईचे प्रकरण थोडे निराळे. इथल्या चाळीत चूल होती. तिच्यापुढे बसणारी बाई गावाकडे राहिलेली होती.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून पुरुषांचे लोंढे गिरण्यांकडे वळले. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावच्या तुकड्यावर राहिले. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांतल्या चाळींत एकेका खोलीत कितीतरी पुरुष राहत. दिवसपाळीचे उठत तेव्हा रातपाळीचे त्याच जागी अंग टाकत. अशा खोलीत कोणी कोणासाठी रांधायचे?

उत्तर शेजारच्याच खोलीत होते. ज्या मोजक्या घरांत बाई होती, तिथे तिने आपल्या माणसांबरोबर आणखी चार-सहा, पुढे पंधरा-वीस पुरुषांचे जेवण करायला घेतले. कोणी तिच्या खोलीत पंगतीला बसून जेवे, कोणाचा डबा पाळीच्या वेळी भरून ठेवावा लागे. पाळ्या तीन, म्हणून चूलही तीन वेळा. पहिल्या पाळीचा डबा भरायचा तर पहाटेच्या अंधारात भाकरी थापायला बसावे लागे, आणि रात्री शेवटचा माणूस जेवून उठल्यावर भांडी घासायची.

या बायका कोण होत्या? काहींचे नवरे गिरणीतच होते आणि एका पगारात भागत नव्हते. पुष्कळशा विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. गिरणीच्या कामातून बाहेर पडाव्या लागलेल्याही होत्या, आणि हा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास होते. त्यानंतर ज्या खात्यांत बायका प्रामुख्याने काम करीत ती यंत्रांनी बदलली, आणि प्रसूतीची रजा, रातपाळीची बंदी यांसारखे कायदे आल्यावर मालकांना स्त्री कामगार महाग वाटू लागली. १९७० च्या दशकापर्यंत त्यांची संख्या नगण्य झाली. गिरणीचे दार बंद झाले तेव्हा गिरणी कामगाराच्या पोटाचे काम तेवढे तिच्या हाती उरले. जनगणनेच्या कागदांवर मात्र अशी बाई बहुधा 'घरकाम' या रकान्यातच राहिली असती.

आता पैशांकडे वळू. खानावळीचा हिशेब महिन्याचा असे. महिनाभर जेवायचे आणि पगार झाला की चुकते करायचे. परंतु गिरणीचा पगार महिना संपताच हातात पडत नसे. पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर तो मिळे. म्हणजे गावाहून आलेला नवा कामगार पहिला पैसा पाहीपर्यंत सुमारे दीड महिना जेवलेला असे, तोही उधारीवर. त्या दीड महिन्याचे तांदूळ, पीठ, तेल आणि रॉकेल कुठून येई?

वाण्याकडून, आणि तेही उधारीवरच. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, हे सांगायला नको. वाण्याने हात आखडला की सावकार, आणि सावकारासाठी तारण म्हणून अंगावरचा डाग. गिरणी मालकाने कामगाराचा पगार पंधरा दिवस अडकवून ठेवला, तर त्या पंधरा दिवसांचे व्याज शेवटी एका बाईच्या मंगळसूत्रातून वसूल होई. मुंबईच्या भरभराटीचा हिशेब मांडताना दानशूर शेटजींची नावे इमारतींवर दिसतात. भांडवलाचा हा झरा कुठेच कोरलेला नाही.

खानावळीला जातही होती आणि प्रदेशही. मालवणी माणूस मासळीच्या कालवणाची खानावळ शोधी, घाटावरचा भाकरी-आमटीची. आपल्या गावची, आपल्या जातीची बाई मिळाली तर उत्तम. त्यामागे चवीची ओढ होतीच, पण विटाळाचे भयही होते. हे भय त्या काळात किती खोल होते ते समजण्यासाठी १४ ऑक्टोबर १८९० चा पुण्याचा प्रसंग पुरेसा आहे. पंचहौद मिशनमधल्या कार्यक्रमात पुण्याच्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांत टिळक होते, रानडेही होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी नावे छापली आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल प्रकरण धर्मपीठापर्यंत जाऊन प्रायश्चित्ताचा वाद पेटला. एका कपाने शहर दुभंगले.

योगायोग असा, की मुंबईतली डबेवाल्यांची परंपरा आपला आरंभ त्याच १८९० सालापासून मोजते. महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे घेऊन ही व्यवस्था उभी केली, असे परंपरा सांगते. कचेरीत जाणाऱ्याला दुपारी घरचे गरम जेवण मिळावे हा हेतू सांगितला जातो आणि तो खराच आहे. पण 'घरचे' या शब्दात त्या काळी आणखी एक अर्थ दडलेला होता : कोणी शिजवले ते ठाऊक असलेले. डब्याने माणसाला परक्या गर्दीत बसूनही आपल्या पंगतीत राहू दिले. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतल्या शेतकरी कुटुंबांतून आलेल्या या वाहकांनी पुढे जे उभारले ते अद्भुतच आहे. आधी रंगीत दोऱ्यांच्या आणि नंतर झाकणावरच्या रंगीत चिन्हांच्या खुणा, लोकलचा लगेजचा डबा, हातोहात होणारी अदलाबदल आणि संध्याकाळी रिकामा डबा परत घरी. १९५६ मध्ये त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला. २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटले. २०१० मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने त्यांच्यावर अभ्यास-प्रकरण लिहिले. या सगळ्या गौरवात डब्याच्या आत काय होते आणि ते कोणी रांधले, याकडे पाहुण्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

जातीच्या या भिंतीला भोक पाडणारी एक घटना कोल्हापुरात घडली, आणि तीही खाद्यपेयाच्या दुकानातच. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या माणसाने राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचे दुकान काढले. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज आपली गाडी दुकानासमोर उभी करून चहा मागवीत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही तो पाजीत, अशी हकीकत आजही कोल्हापुरात सांगितली जाते. दुकानातून गाडीपर्यंतचे ते अंतर फार तर दहा पावलांचे असेल. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात एवढ्या थोड्या अंतरावर पोहोचवलेल्या मागणीला एवढे वजन क्वचितच आले असेल.

विदर्भात या इतिहासाचे रूप वेगळे आहे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमागाचे शहर गिरणीचे शहर होऊ लागले. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतला झणझणीत सावजी रस्सा पुढे भोजनालयांत आला, आणि तिथून चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर. अशी कित्येक भोजनालये घराच्या पुढच्या खोलीतच चालत आली आहेत. पाटीवर आडनाव पुरुषाचे असते, मसाला वाटणारे हात बहुधा घरातल्या बायकांचे.

पुन्हा गिरणगावात येऊ, कारण खरी कसोटी तिथे लागली. संपात.

संप म्हणजे पगार बंद. पगार बंद झाला तरी भूक थांबत नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत जवळजवळ सहा महिने संप चालला. इतका काळ लाखाहून अधिक माणसे कशावर तगली, या प्रश्नाचे उत्तर इतिहासग्रंथ संघटना, निधी आणि गावाकडच्या शेतीत शोधतात. ते योग्यच आहे. त्यात एक भर घालायला हवी : खानावळीच्या वहीची. ज्या बाईने संपाच्या पहिल्या दिवशी 'पैसे आण, मग जेव' असे म्हटले असते, तिने संप महिनाभरात मोडला असता. तसे तिने सहसा म्हटले नाही. त्यात माया होती आणि नाइलाजही होता. आज ताट नाकारले तर मागची थकबाकी कायमची बुडण्याची भीती असे.

१९७३-७४ मध्ये गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. त्या वेळी गिरणगावात कम्युनिस्ट चळवळीतल्या प्रेमा पुरव काम करीत होत्या. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्ती लढ्यात उतरलेल्या आणि नंतर मुंबईच्या कामगार वस्त्यांत रमलेल्या. संप मिटल्यावर त्यांच्या नजरेस आले, की कामगार कामावर परतला तरी त्याला जगवणारी खानावळवाली कर्जात रुतलेलीच आहे. दागिने गहाण पडले होते, भांडीही. संपाच्या मागण्यांत तिची एकही ओळ नव्हती, कारण ती कोणत्याच संघटनेची सभासद नव्हती. कामगारांच्या हक्कांसाठी जन्म वेचणाऱ्या चळवळीलाही ही कामगार दिसायला इतकी वर्षे लागली, हे नोंदवलेच पाहिजे.

१९७५ मध्ये प्रेमाताईंनी १४ खानावळवाल्यांना एकत्र करून बँकेच्या दारात नेले. काळ अनुकूल होता. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बल घटकांना अल्प व्याजाने कर्ज द्यावे असे धोरण आले होते. धोरण असले तरी अडचण होतीच. बँकेला तारण हवे. या बायकांचे तारण आधीच सावकाराकडे. बँकेला सही हवी. अनेकींना ती येत नव्हती. व्यवसायाचा पत्ता विचारला तर दहा बाय दहाची खोली. मार्ग निघाला तो गटाचा : एकीची हमी दुसरीने घ्यायची. वाण्याचे देणे एकदम फेडून रोखीने माल आणला की तोच तांदूळ स्वस्त पडतो, हे गणित त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

या कामातून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे राहिले. महिलांच्या गटांना सूक्ष्म कर्ज देण्याची कल्पना म्हटली की बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे नाव घेतले जाते. महंमद युनूस यांचा जोबरा गावातला प्रयोग १९७६ चा आहे. अहमदाबादेत सेवा संस्थेच्या बायकांनी १९७४ मध्ये स्वतःची बँक काढली होती. या दोन्हींच्या मधोमध गिरणगावच्या १४ खानावळवाल्या येतात. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलाला पहिली दोन नावे ठाऊक असतील. तिसरे असेल का याची शंका आहे. प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली, एवढे समाधान.

नाव 'अन्नपूर्णा' ठेवले त्यातही एक शहाणपण होते. तोवर 'खानावळवाली' हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जाई. परक्या पुरुषांना घरात बसवून जेवू घालणारी बाई म्हणून तिच्याकडे पाहण्याची दृष्टी सरळ नव्हती. विधवेने असे केले तर अधिकच कुजबुज. देवीच्या नावाने कुजबुज थांबली नसेल, परंतु बँकेच्या कागदावर सन्मानाने लिहिता येईल अशी ओळख मिळाली.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. कामगार हळूहळू गावाकडे परतले. वहीतली नावे तशीच राहिली. जे गावी गेले त्यांच्या उधारीची वसुली कोण आणि कशी करणार? गिरण्यांच्या जागी पुढे मॉल आणि काचेच्या कचेऱ्या आल्या. त्या जमिनीच्या वाटपावर, कामगारांच्या घरांवर दीर्घ लढे झाले आणि ते आवश्यक होते. खानावळींची बुडालेली रक्कम मात्र कोणत्याही मागणीपत्रात बेरीज होऊन आली नाही.

शासनानेही या क्षेत्रात पाऊल टाकले, ते थाळीच्या रूपाने. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची केंद्रे काढली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. लोकल थांबल्या, डबेवाल्यांचे डबे थांबले, आणि थाळीचा दर पाच रुपयांवर आणून ती बंद पाकिटातून देण्यात येऊ लागली. चालवणाऱ्यांत महिला बचत गटही होते. केंद्रचालकाने आधी शिजवायचे आणि अनुदान मागाहून मिळायचे, अशी रचना. खानावळीची जुनी वही इथे शासकीय नमुन्यात अवतरली, एवढेच.

पंचहौदच्या चहाचा प्रश्नही मिटलेला नाही. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी जेवणासाठी हिरव्या वेशातल्या वाहकांचा वेगळा ताफा जाहीर केला. त्यावर टीकेची झोड उठली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा वेश मागे घेतला. सर्वांचा वेश लालच राहील असे सांगितले. अन्न कोणी शिजवले या प्रश्नाबरोबर ते कोणी आणले आणि कशाच्या शेजारी ठेवून आणले, हा प्रश्न १८९० नंतर १३४ वर्षांनीही दाराशी उभा होता.

कायद्याची दृष्टी प्रथम वाहकाकडेच वळली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांना 'प्लॅटफॉर्म कामगार' अशी स्वतंत्र ओळख दिली. घरातून डबे देणाऱ्या बाईला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, म्हणजे तिच्या स्वच्छतेची जबाबदारी निश्चित झाली आहे. तिच्या उधारीची, आजारपणाची आणि म्हातारपणाची जबाबदारी कोणाची, याविषयी तो कायदा बोलत नाही. तो त्याचा विषयही नव्हे.

दरम्यान पैशांची दिशा अर्धी उलटली आहे. पुण्यात शिकायला आलेला चंद्रपूरचा मुलगा अनेक मेसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ भरतो. जेवणारा आता बाईला उधार देतो. ॲपवर तर ग्राहक घास तोंडात जाण्याआधीच पैसे मोजतो. ते पैसे मधल्या कंपनीकडे जमा होतात आणि कमिशन वजा जाऊन, सामान्यतः आठवड्याच्या हिशेबाने, स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतात. तोवर वाण्याचे बिल कोण भरते ते प्रत्येक लहान भोजनालयवाल्याला ठाऊक आहे.